चौक, पुतळा आणि जुनी वास्तू



चौक म्हणजे रहदारीची जागा, एवढीच आपली समजूत असते. कोल्हापुरात मात्र चौक हा इतिहासाचा लेख आहे. तोही खाडाखोड झालेला.

आजच्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या लढ्यात भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे या दोन स्त्रियांनी तो विद्रूप केला. पुढे क्रांतिकारकांनी तो फोडला. १९४५ मध्ये, इंग्रजी सत्ता अद्याप कायम असताना, भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्याच ठिकाणी शिवछत्रपतींचा अर्धपुतळा उभा राहिला. तो घडविला बाबूराव पेंटर यांनी. चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करणाऱ्या या कलावंताचा हात मातीतही तितकाच चालत असे.

बिंदू चौकाची कथा निराळी. ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसविण्यात आले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. यामागे भाई माधवराव बागल होते, आणि ते स्वतः चित्रकार होते, हा योगायोग नव्हे.

वास्तूंचेही असेच आहे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचे नाव जपून आहे. युरोपातील चर्चवास्तूंत वाढलेल्या गॉथिक शैलीने येथे लोकोपयोगी इमारतींतही प्रवेश केला. मेजर मँट यांचा १८७६ मधील टाऊन हॉल पाहावा: मनोरे, उतरती छपरे, टोकदार कमानी. आज तेथे वस्तुसंग्रहालय असून ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती तेथेच आहे. पंचगंगेकाठी सापडलेला ग्रीक देव गॉथिक छपराखाली नांदतो, याचे कोल्हापुरास नवल वाटत नाही!

गावोगावी पुतळ्यांची मागणी होते. ती रास्तही असते. परंतु मालवणजवळ राजकोट येथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, हे विसरून चालणार नाही. मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता घेण्याची अट कित्येकांना जाचक वाटते. प्रत्यक्षात चेहरेपट्टीतील दोष मातीतच सुधारता येतो. धातू ओतल्यावर उपाय नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात पुतळ्याच्या खर्चाबरोबर चबुतऱ्याचा पाया, पाण्याचा निचरा आणि वार्षिक देखभाल यांचीही तरतूद असावी. शेजारी जुने देऊळ, मशीद वा चर्च असल्यास, चबुतऱ्याची उंची ठरविण्यापूर्वी त्याच्या दर्शनी बाजूसमोर उभे राहून पाहावे.