परकीय भाषा आणि मुळशीची मुले



मुळशी तालुक्याला परकीय भाषा अपरिचित नाहीत. पौडजवळच्या टेकडीवर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. तेथे अनेक देशांतील मुले शिकतात आणि दोन भाषांचा अभ्यास तेथे अनिवार्य आहे. हिंजवडी-माणच्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या संगणक कंपन्यांत जर्मन वा जपानी जाणणाऱ्याला अधिक वेतन मिळू शकते. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांना मात्र फाटकावरची पहारेकरी वा मोटारचालकाची नोकरी. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी धरणग्रस्तांचा सत्याग्रह उभारला होता. तरीही धरण झाले, आणि वीज मुंबईला गेली. साधन येथले, लाभ दुसरीकडे, हा हिशेब जुनाच आहे.

परकीय भाषा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी डॉ. लोहियांचे स्मरण करावे. लोहिया बर्लिनला गेले, जर्मन शिकले, आणि मिठावरील कर हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांचा विरोध इंग्रजी भाषेला नव्हता. मूठभरांच्या सत्तेची भिंत म्हणून तिचा जो वापर होतो, त्याला होता. जर्मन, फ्रेंचचीही तशीच भिंत होऊ लागली आहे. शहरी महाविद्यालयांत अकरावीला या भाषा घेतल्या जातात, त्या बऱ्याचदा गुण अधिक पडतात म्हणून! साहित्य राहिले बाजूला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर परकीय भाषांची शिफारस आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. मुलांना वाढविण्याचा, शिकविण्याचा खर्च येथल्या आईबापांनी करावयाचा आणि श्रमाचे फळ तिकडे जावयाचे, ही तक्रार खरी आहे. परंतु जाणाऱ्या तरुणाला अडविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नोकरीचा करारनामा ज्याला स्वतः वाचता येत नाही, तो दलालाच्या हाती सापडतो. कामाचे तास, घरभाड्याची कपात, संघटनेचा हक्क हे सारे त्या कागदावर परक्या भाषेत लिहिलेले असते.

आता थोडे गणित. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास सामान्यतः ‘बी-२’ पातळीची भाषा लागते. तिला सहाशेहून अधिक तासिका लागतात. खाजगी वर्गांचे शुल्क भरून हे अंतर कापणे भाताच्या दोन खाचरांवर जगणाऱ्या घराला परवडणारे नाही. शाळेत आठवीपासून आठवड्याला पाच तासिका, वर्षाला चाळीस आठवडे धरले, तर दहावीपर्यंत सहाशे तासिका होतात. म्हणजे मार्ग बराचसा शाळेतच सरतो, आणि तोही विनाशुल्क.

येथे वयाचा प्रश्न येतो. पहिलीपासून तिसरी भाषा लादणारे शासननिर्णय जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले, ते योग्यच झाले. मराठी पक्की झाल्यावर, आठवीत, ऐच्छिक विषय म्हणून परकीय भाषा आणणे ही निराळी गोष्ट आहे.

खरी अडचण शिक्षकांची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तेथून शिकून निघालेला तरुण पौडच्या शाळेत यावयाचा, तर त्याला मंजूर पद आणि नियमित वेतन हवे. तासिकेवरच्या मानधनासाठी तो हिंजवडी सोडणार नाही. दर शाळेस स्वतंत्र पद शक्य नसेल, तर तीन-चार शाळांमिळून एक शिक्षक द्यावा, त्याचे वेतन शासनाने द्यावे, आणि पहिली पदे धरणग्रस्तांच्या गावांजवळच्या शाळांना मिळावीत, ही मागणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी शाळांच्या संस्थाचालकांकडे व जिल्हा परिषदेकडे आताच मांडावयास हवी.