अर्धं राहिलेलं उत्तर



प्रयोगशाळेतला तो तास आठवतोय? सरांनी चंचुपात्रात कळीच्या चुन्याचे खडे टाकले, वरून थोडं पाणी ओतलं. फसफस झाली, वाफा निघाल्या. 'बाहेरून हात लावून बघा, जपून,' सर म्हणाले. 'ही उष्णता आली कुठून?' मी लगेच हात वर केला. 'रासायनिक अभिक्रियेतून, सर!'

'बरोबर, पण अर्धं. चुन्यात ती ठेवली कोणी?' सरांनी विचारलं आणि घंटा झाली.

गेल्या जुलैत आमच्या गच्चीवरचा सोलर हीटर आठवडाभर गार होता. मुलगी म्हणाली, 'आई, मे महिन्यातलं ऊन साठवून ठेवता येत नाही का?' मी म्हटलं, 'पाणी कितीही गुंडाळून ठेवलं तरी निवतंच गं.' आणि एकदम तो चुना आठवला.

विरी गेलेला चुना सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवला, की त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि कळीचा चुना उरतो. त्यासाठी दिलेल्या उष्णतेचा मोठा भाग या बदलात साठून राहतो. मग चुना थंडगार झाला तरी बिघडत नाही. हवाबंद डब्यात तो महिनोन्महिने ठेवा. पाणी घातलं की ती उष्णता परत मिळते. हिशेबाने एक किलो कळीचा चुना साधारण ११५० किलोज्यूल देतो, म्हणजे साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल इतकी. डबा मात्र घट्टच हवा, नाहीतर हवेतला ओलावा शोषून चुना आधीच विरतो.

जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. अडचणीही आहेत. एवढ्या तापमानासाठी आरशांनी ऊन एकवटावं लागतं. पुन्हापुन्हा तापवून-भिजवून भुकटीचे गोळे होतात, आणि उष्णता आतपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून मुलीला सांगितलं, 'ऊन ठेवता येतं, पण आपल्या गच्चीवर अजून नाही.' तिने विचारलं, 'मग कधी?' मी म्हटलं, 'ते तू शोध.'

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तीस वर्षं उशीर झाला, पण राहिलेलं अर्धं उत्तर देऊन टाकते. चुनखडी भाजताना भट्टीने दिलेल्या उष्णतेचाच एक भाग त्या खड्यांत होता. ती भट्टीने ठेवली होती, सर.