ओव्हिलाचे दगड
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगीं आम्ही एका दूरदेशच्या मठाची हकीकत आपणांपुढें ठेवूं इच्छितों.

स्पेन देशांत ताहो नदीच्या कांठीं ओव्हिला येथें सिस्टर्सियन संघाचा मठ होता. राजा आठवा आल्फोन्सो यानें तो ११८१ सालीं स्थापिला. पुढें १८३५ सालीं सरकारनें मठ बंद केले, मठवासी निघून गेले, आणि जेथें सहा शतकें स्तोत्रें गाइलीं गेलीं तेथें शेतकऱ्यांचीं कोठारें झालीं.

१९३१ सालीं विल्यम हर्स्ट या अमेरिकन वृत्तपत्रमालकानें तो मठ विकत घेतला. कॅलिफोर्नियांतील विन्टून येथील रानांतल्या आपल्या वाड्यांत त्या कमानी व तें कोरीव द्वार बसवावें, देवळाच्या छताखालीं पोहण्याचा तलाव करावा, असा त्याचा बेत होता. सुमारें दहा हजार दगड सुटे करून अकरा जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोस आणिले. परंतु पैसा आटला व वाडा राहिला. १९४१ सालीं ते दगड शहराच्या हवालीं झाले आणि गोल्डन गेट उद्यानांत उघड्यावर पडले. पेट्यांना आगी लागल्या. कित्येक दगड बागेच्या कामीं गेले.

अखेर १९९४ सालीं त्याच प्रांतांतील न्यू क्लेर्व्हो मठाच्या ट्रॅपिस्ट बंधूंस मठाच्या सभागृहाचे दगड मिळाले. हे बंधू मूळच्या त्याच सिस्टर्सियन कुळांतले. जे दगड हरवले होते ते त्यांनीं नवे घडवून घेतले, आणि तें सभागृह पुन्हां एका मठांत उभें राहिलें.

धनिकास दोष देणें सोपें आहे. परंतु त्याचे गवंडी येण्यापूर्वीं जवळ जवळ शंभर वर्षें तेथील प्रार्थना थांबली होती. प्रार्थना थांबली म्हणूनच दगडांना किंमत लागली.

तेथील मठवाशांस राजसत्तेनें घालविलें. आपणांस कोणीं घालविलेलें नाहीं. तरीही सायंकाळच्या रोझरीस आज किती बांक रिकामे असतात, हें आपण सर्व जाणतों. छपराच्या दुरुस्तीस आपण उदार हस्तें वर्गणी दिली, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. पण वर्गणीनें छप्पर टिकतें. देऊळ टिकतें तें गुडघे टेकणाऱ्यांनीं. संत पेत्रानें आपणांसच जिवंत दगड म्हटलें आहे. आपल्या मुलांचा हात धरून उद्यां सायंकाळीं या, एवढीच आमची विनंती.

पवित्र मरियामाता आपल्या घराण्यांचें रक्षण करो.