'लागते' आणि 'वाटते'
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या राइट टाउनमधील मराठी घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : "आजी, मला लागतं की आज पाऊस येईल." पुण्याहून आलेली आजी दचकून विचारते, "कुठं लागलं रे?" नातवाच्या मनात हिंदीतील 'लगता है' असते, आजीला मात्र दुखापत ऐकू येते. आपण हसून विषय सोडून देतो. तो सोडू नये, असे मला वाटते.

मराठीत डोळ्यांना 'दिसते', मनाला 'वाटते', जिभेला 'लागते' आणि जे नाही ते असल्यासारखे झाले, तर 'भासते'. 'लागते' या एकाच शब्दावर सगळा भार टाकला, की ही वाटणी पुसली जाते.

उसनवारीला माझा विरोध नाही. माझी भाची नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिच्या मुलाकडून मला डच भाषेतील 'लेइकन' हे क्रियापद कळले. नुसते वापरले तर त्याचा अर्थ 'वाटणे, दिसणे'. पुढे 'ऑप', म्हणजे 'वर', जोडले की 'सारखे असणे'. म्हणजे तिकडचा मुलगाही बापा'वर'च! आपण 'पोरगी आईवर गेली' म्हणतो, शेजारी 'माँ पर गई है' म्हणतात. माणसाला साम्य सुचते ते असे. या डच शब्दाचे मूळ 'देह' या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. समान म्हणजे एकाच देहाचा. आपला 'सारखा' आला संस्कृत 'सदृक्ष', प्राकृत 'सारिक्ख' यांवरून. त्यात पाहणे आहे. 'तुलना' तर सरळ तुलेतून, तराजूतून उतरली. त्यांनी देह धरला, आपण डोळा आणि तराजू.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून इथल्या मराठीला कचेरीचा आधार नाही. आहे तो घराचा आणि या शाळेचा. म्हणून पालकांना एक विनंती. मूल 'मला लागतं' म्हणाले, तर रागावू नका. "जिभेला की मनाला?" एवढेच विचारा. आमच्या घरी या प्रश्नाला "गुडघ्याला" असेही उत्तर आले आहे, आणि ते खरे निघाले.