नियम करण्याचा नियम



वार्षिक संमेलनात विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह आणि वधूवर-सूचक मंडळ यांविषयी बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आज ती वाट थोडी सोडून, शासनाची खाती व प्राधिकरणे नियम कसे करतात याविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो. आपल्यापैकी पुष्कळांची वडिलार्जित जमीन भोर तालुक्यात आणि वेल्ह्यात, म्हणजे ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे त्या तालुक्यात आहे. म्हणून हा विषय परका नव्हे.

कायदा विधिमंडळ करते. त्यावर भाषणे होतात, मतदान होते. परंतु त्याच्या आधारे जे नियम निघतात, त्यांची चर्चा सभागृहात क्वचितच होते. शेतकऱ्याची गाठ मात्र याच नियमांशी पडते. हा धोका पूर्वीच्या कायदेकारांनी ओळखला होता. १९०४ च्या मुंबई सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात अशी तजवीज आहे की, जेथे कायद्याने पूर्वप्रसिद्धी आवश्यक मानली आहे, तेथे मसुदा आधी प्रसिद्ध करावा व आलेल्या हरकतींचा विचार करावा. तत्त्व उत्तम आहे. पण तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत राजपत्र वाचतो कोण?

जवळचेच उदाहरण घ्या. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले; भोर व वेल्हे तालुक्यांचे काही भाग त्याच्या कक्षेत आले. विकास योजना म्हणजे जमिनीवर रेखाटलेला नियमच होय. २०२१ साली, ऐन पावसाळ्यात, या प्राधिकरणाची प्रारूप योजना प्रसिद्ध झाली. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये हरकतींना तीस दिवस मिळाले. पुढे मुदत वाढवावी लागली. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने ती योजनाच रद्द केली. मधल्या काळात आपल्या शेतावर रस्ता येणार की आरक्षण, या विवंचनेत कित्येक कुटुंबे राहिली. एवढ्या हरकती हा लोकांच्या हट्टाचा पुरावा नव्हे; विचारणा उशिरा झाली याचा तो पुरावा आहे.

आमच्या अपेक्षा तीनच आहेत. मसुदा सुबोध मराठीत, कारणांसह, गावच्या चावडीवर लागावा व ग्रामसभेत वाचला जावा. हरकतींची मुदत सुगी आणि लावणीचे दिवस टाळून ठेवावी. हरकत मान्य वा अमान्य का झाली, ते हरकतदारास लेखी कळवावे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये आपल्या खात्यांसाठी मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या राज्याने त्याच्याही पुढे पाऊल टाकावे.

मात्र शासनास उपदेश करण्यापूर्वी आपण आपले अंगण झाडू या. आपल्या मंडळाचे पोटनियम बदलताना मसुदा किती सभासदांच्या हाती पडतो? कार्यकारिणीने ठरवावे आणि इतरांनी हात वर करावेत, हीच रीत आपणही चालविली आहे. येत्या वर्षी ती मोडावी, आणि गावोगावच्या हरकती लिहून देण्यास आपल्यातील वकील-शिक्षकांनी पुढे यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.