श्रद्धा सांगावी कशी?



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या आणि रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या माझ्यासारख्याला जो प्रश्न वारंवार पडला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. आपली श्रद्धा शेजाऱ्याला सांगावी का, आणि सांगावी तर कशी?

मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. कन्नडमध्येही 'साक्षी'च, आणि बीदर-कलबुर्गीच्या दखनी बोलीत 'गवाही'. साक्षी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा. साक्षीदाराने पाहिले तेवढे सांगावे. पक्षाची बाजू लढविणे हे वकिलाचे काम. धर्माच्या बाबतीत आपली फसगत होते ती नेमकी येथे. साक्षीदारच वकिली करू लागतो!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण पाहा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अपरिचित युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले. त्या गृहस्थांनी निघताना नव्या कराराची प्रत हाती दिली. पुढचे काम गिरिप्रवचनाने केले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग आणि कीर्तन यांतून त्यांनी आपली श्रद्धा मराठी माणसाला सांगितली.

परंतु मला अधिक शिकविले ते लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. घरातली चूल वेगळी, पाणी वेगळे. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले. त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. आणि मग, १९०० साली, बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा क्रम आपण ध्यानात घेत नाही. ज्या घरात वेगळी चूल मांडण्याची मुभा होती, त्या घरातच ती चूल एक दिवस विझली.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. या निर्णयावर ख्रिस्ती विचारवंतांनी टीका केली आहे, आणि तीत तथ्यही आहे. कारण ऐकणाऱ्याला पटले तर त्याला आपला मार्ग बदलण्याची मोकळीक असलीच पाहिजे. तरीही साक्ष आणि वकिली यांतला भेद मला त्यात दिसतो. औषध, शाळेची फी किंवा धान्य यांच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अट घातली, तर तो सौदा झाला. असा सौदा क्वचितही होऊ नये, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनीच प्रथम म्हटले पाहिजे. उलट, रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येक परिचारिकेवर संशय घेणे हाही अन्यायच.

आपला हा सीमाभाग तर बसवेश्वरांचा, बंदेनवाजांचा आणि माणिकप्रभूंचा. येथे कोणीही रिकाम्या पाटीवर लिहीत नाही. माझ्या वर्गातील एका वारकरी घरच्या विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, तुम्ही ख्रिस्ती असून ज्ञानेश्वरी इतक्या मनापासून कशी शिकवता?" मी म्हणालो, "मला ती आवडते म्हणून. आणि ख्रिस्त मला का आवडतो, हे ऐकायचे असेल तर तास संपल्यावर ये." तो आला. दोन तास बसला, पुष्कळ वाद घातला. आजही तो आषाढीला पंढरपूरला जातो, आणि नाताळला आमच्या घरी फराळाला येतो. मुलीचे लग्न ठरविताना त्याने सल्ला विचारला तो माझ्या पत्नीला.