कवडसा आणि कापसाचं गोदाम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. डॉक्टर काय करतो, शिक्षक काय करतो, हे सर्वांना माहीत असतं. मला कोणी विचारलं तर मी सांगतो, "मी धूर पकडतो." मग लोक हसतात. म्हणून आज नीट सांगतो.

आपला आठवीचा वर्ग आठवा. छताच्या पत्र्याला एक भोक होतं. पावसाळ्यात त्यातून पाणी गळायचं आणि उन्हाळ्यात कवडसा पडायचा. एकदा विज्ञानाच्या सरांनी त्या कवडशात खडूचा डस्टर आपटला. उडालेली धूळ चमकायला लागली आणि आपण सगळे वर पाहत राहिलो. सर म्हणाले, "वर काय पाहता? खाली फरशीवरचा ठिपका पाहा." ठिपका अंधूक झाला होता. सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या ठिपक्यावरच माझं घर चाललं आहे.

घरात, ऑफिसात छताला गोल डबीसारखा धूरशोधक असतो. धूर त्याच्यापर्यंत पोचला तरच तो वाजतो. पण दीडशे फूट लांब, तीस फूट उंच गोदामात अशा किती डब्या लावणार, आणि त्या पुसायला वर कोण चढणार? तिथे आम्ही बीम डिटेक्टर लावतो. एका भिंतीवरून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडायचा आणि समोरच्या भिंतीवर तो पकडायचा. मधे धूर आला की पलीकडे पोचणारा उजेड हळूहळू कमी होतो. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाला की घंटा वाजते. किरण एकदम पूर्ण अडला, म्हणजे कोणी शिडी आडवी लावली किंवा गाठींची थप्पी फार उंच रचली, तर यंत्र त्याला आग म्हणत नाही, बिघाड म्हणून कळवतं. सरांचाच प्रयोग, फक्त आडवा केलेला.

आपल्या वऱ्हाडात हे काम मुख्यतः कापसासाठी. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली तेव्हापासून बडनेऱ्याहून कापूस मुंबईकडे जातो आहे. कापसाची आग मात्र लबाड असते. जिनमध्ये कापसासोबत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली जाते आणि आतल्या आत धुमसते, कधी कधी काही दिवस. ज्वाळा नाही, फक्त थोडा धूर. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर हेच घडलं. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकाच जहाजात होती. दुपारी शेजारच्या जहाजांवरच्या काहींना धूर दिसला, पण आरडाओरड कोणी केली नाही. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका गाठींच्या गोदामात मी हे यंत्र बसवलं. आयएस 2189 या भारतीय मानकाची प्रत माझ्या पिशवीत असते, त्याप्रमाणे मोजमाप केलं. किरण छताच्या थोडा खाली ठेवला. तारीख जानेवारीची होती. अगरबत्तीने नव्हे, धुराच्या गोळ्या पेटवून चाचणी घेतली. घंटा खणखणीत वाजली. मालक खूष झाले. इतके खूष झाले, की दोन चौकीदारांपैकी एकाला त्यांनी काढून टाकलं. "आता मशीन आहे ना!" मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारी दुपारी तीनला फोन आला. उरलेला चौकीदार आपल्याच शाळेचा, आपल्या मागच्या वर्गातला. म्हणाला, "भाऊ, तुमची मशीन तं गुपचूप हाये, पन रुई जयल्याचा वास येऊन राह्यला."

मी त्याला आधी अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं आणि मग निघालो. पोचलो तेव्हा दारातून जे दिसलं ते अजून विसरलो नाही. धुराचा थर पंधरा-सोळा फुटांवर चादरीसारखा तरंगत होता. त्याच्या वर, पत्र्याखाली, हवा अगदी स्वच्छ. माझा किरण त्या स्वच्छ हवेतून सुखाने ये-जा करत होता.

कारण साधं आहे. आपल्याकडचं ऊन, वर टिनाचा पत्रा. पत्र्याखालची हवा भट्टीसारखी तापते. धुमसणाऱ्या गाठीचा धूर तेवढा गरम नसतो, म्हणून तो त्या गरम थराखालीच अडतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेपुरतं. बडनेऱ्यात जन्म काढूनही मे महिन्याचा पत्रा मला जानेवारीत आठवला नाही.

जवानांनी गाठी ओढून बाहेर मोकळ्यावर काढल्या, पट्ट्या तोडून आतपर्यंत पाणी मारलं. सात गाठी गेल्या. बाकी सगळं वाचलं ते एका माणसाच्या नाकामुळे.

त्यानंतर मी स्वखर्चाने थप्प्यांच्या वर, पण गरम थराच्या खाली, किरणांची दुसरी ओळ बसवली. मालकांना हात जोडून सांगितलं, काढलेल्या माणसाला परत बोलवा. त्यांनी बोलावलं.

तेव्हापासून काही गोष्टी मी पाळतो. यंत्र पत्र्यावर कधी लावत नाही, पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर लावतो. उन्हाने सांगाडा फुगतो. 50 मीटरवर यंत्र एक अंश जरी वळलं तरी समोर किरण जवळजवळ 87 सेंटीमीटर सरकतो. म्हणून थंडीत आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा नेम तपासतो. मावळतीचं ऊन थेट काचेत शिरणार नाही, हे पाहतो. काचेवर रुईची लव बसते. यंत्र काही काळ ती सांभाळून घेतं, मग थकतं आणि उगाच वाजायला लागतं. तेव्हा लोक घंटेचं बटण बंद करून टाकतात. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तोच. दोन रुपयांच्या मऊ फडक्याचं काम असतं, पण ते वेळच्या वेळी करावं लागतं.

इथे बसलेल्यांपैकी कुणाचं जिनिंग आहे, कुणाचं धान्याचं गोदाम, कुणाचं मंगल कार्यालय. यंत्र माझ्याकडूनच घ्या असं म्हणत नाही. असेल तर या उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याची चाचणी करून घ्या. आणि ते आहे म्हणून रात्री फेरी मारणाऱ्या माणसाला काढू नका.

तो चौकीदार आज या मंडपात आहे. जेवणाच्या वेळी त्याच्याशी जरूर बोला. आणि सर, तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते मला फार उशिरा कळलं. सगळे वर पाहत असताना खालचा ठिपका कोणीतरी पाहायला हवा.